घाटावर दिलेला शब्द

ह्यांच्या दहाव्याले खारून नदीच्या घाटावर कावळा शिवेना. पिंड ठेवून दुपार झाली. बंडू भाऊजींनी सगळं कबूल करून पाहिलं, वहिनीले सांभाळीन, वरचा मजला पुरा करीन. कावळे झाडावरून नुसते पाहत होते. तेव्हा माझी एकुलती एक अनुश्री पुढं झाली अन् हात जोडून म्हणाली, "बाबा, मी ते शिकणं सोडते." झपकन कावळा उतरला.

सगळे सुटले एकदाचे. मी मात्र पोट्टीचे जोडलेले हात सोडवले.

दिल्लीत ती चीन, जपान, कोरियातल्या लोकांचा अभ्यास करत होती, त्यांचे सण, देव, मयतीच्या रीती. हे चिडायचे. "रायपुरात कोण विचारते जपान? बी.एड. कर!" त्यावरून बापलेकीचं बोलणं बंद झालं, ते बंदच राहिलं.

मग वर्षभर पोट्टी घरात. पुस्तक उघडलं की बाबा मागं उभे राहतात, म्हणे. उघडायची, वळून पाहायची अन् मिटून टाकायची. खाणंही तुटलं. मले ह्यांचा असा राग यायचा! मेल्यावरही हेका सोडला नाही या माणसानं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी कॉलेजातून फोन आला, या महिन्यात आली नाही तर नाव कटेल. अनु नुसतं "हव, कटू द्या" म्हणाली. मले राहवलं नाही.

"काहून गं, तुझ्या त्या जपानातले लोकही कावळ्याचीच वाट पाहतात का?"

"नहीं आई." कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा खुलला. "जपान में तो मरे हुए लोगों को साल में एक बार घर बुलाते हैं. अपने ही लोग हैं ना."

अन् आपण वर्षभर ह्यांना नुसतं जा, जा म्हणून राहिलो!

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पान ठेवलं अन् मी मोठ्यानं म्हटलं, "ऐका हो, तिचा शब्द मी मोडते. पोट्टी दिल्लीले चालली."

एक कावळा कठड्यावर आला, पानाकडं पाहिलं अन् उडून गेला. खीर तशीच वाळली.

"वहिनी, शब्द परत घ्या," भाऊजी घाबरले. "दादा अडकून राहील!"

"राहू द्या. माझ्यापाशी राहतील."

अनुले गाडीत बसवून मी घरी आली. अंधार पडत होता. भीती वाटत होती, पण दार मी उघडंच ठेवलं. थोड्या वेळानं फाटकाची कडी वाजली. फाटकाशी कोणीच नव्हतं.

"या," मी म्हटलं, "अन् भांडायचं असंल तर आता माझ्याशी भांडा."