ज्येष्ठेचे डोळे

आधीच सांगून ठेवतो, मले महालक्ष्म्या आपल्याच घरी बसवायच्या होत्या, पण त्या काही भक्तीपायी नाही. मले माणसं पाहिजे होती, बस. भाद्रपदातले ते तीन दिवस नसले तर तात्यापारा या जुन्या मोहल्ल्यातल्या माझ्या घराची कडी कोणी वाजवत नाही. दूधवालासुद्धा पिशवी दाराले अडकवून निघून जाते. माझी बायको रमा होती तोवर लोक यायचे. कोणाले लोणच्याचं विचारायचं असे, कोणाले पोरीच्या स्थळाचं. ती गेली आणि सगळ्यांचा रस्ताच बदलला. आता घरात मी आणि भिंतीवर पिकासो, मातीस, मोंद्रियान. त्यांच्याशी किती बोलणार?

मी गंगाधर. नोकरीभर कॉलेजात पोट्ट्यांना विसाव्या शतकातली चित्रकला शिकवली. क्यूबिझम कसा आला, सर्रिअॅलिझमवाले काहून स्वप्नांच्या मागं लागले, आपल्याकडच्या प्रोग्रेसिव्ह मंडळींनी काय मोडलं आणि काय घडवलं, हे सगळं तोंडपाठ. घरभर त्या चित्रांच्या प्रिंटा टांगलेल्या. रमाले त्यातलं एक पटत नसे, पण फडकं ती रोज मारायची, आणि प्रत्येकाले तिनं नाव ठेवलं होतं. मोंद्रियान म्हणजे खिडकीवाला. पिकासो म्हणजे वाकडतोंड्या. रोथकोले म्हणायची, भिंतीची पुताई अर्धी सोडून पळालेला ठेकेदार. एका गायतोंड्यांच्या चित्रासमोर मात्र ती चहाचा कप घेऊन बसायची. "हे नागपूरचे नं?" म्हणायची, जसे काही तिच्या माहेरचेच. मी भडकायचो. "चित्र पाहून राहिली का गाव?"

"दोन्ही," म्हणायची आणि चहा प्यायची.

तर महालक्ष्म्या. आमच्या घरच्या जुन्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, मातीच्या मुखवट्यांच्या. धुरानं आणि कुंकवानं चेहरे दरवर्षी मळतात, म्हणून बसवायच्या आदल्या दिवशी घरच्या सुनेनं त्यांचे डोळे आणि ओठ नव्यानं आखायचे, अशी आमच्याकडची रीत. माझी आई आखायची, तिच्या आधी आजी. मग रमा. मी एवढा चित्रकार घरात बसलेला, पण मले ब्रश लावू देत नसे. "तुमचा हात लागला तर देवीचं नाक कानापाशी जाईन," म्हणायची.

ती गेली ते सुतकाचं वर्ष म्हणून मागल्या साली महालक्ष्म्या बसल्याच नाही. यंदा श्रावणात माझा धाकटा भाऊ देवदत्त आणि त्याची बायको अस्मिता तेलीबांध्याच्या त्यांच्या फ्लॅटवरून आले. हातात मिठाईचा डबा. डबा पाहूनच मी ओळखलं, काहीतरी मागाले आले.

"भाऊजी, वाईट नका वाटून घेऊ," अस्मिता म्हणाली. "पूजेले जोडपं लागते. आता इथं कोण बसन? आमच्याकडे बसवू नं. लिफ्ट आहे, पार्किंग आहे. तुमच्या गल्लीत तर गाडी लावाले जागा नाही."

"देवी काय गाडीनं येते?" मी म्हटलं.

बिचारीनं डबा माझ्याकडे सरकवला. देवदत्तनं मधला रस्ता काढला. "दादा, या वर्षी इथंच बसवू. आम्ही दोघं पूजेले येऊन बसतो. पुढचं पुढं पाहू. पण डोळे कोण आखन?"

"मी."

दोघं एकमेकांकडे पाहाले लागले. मले राग आला, पण मनातल्या मनात मी ठरवून टाकलं की असे चेहरे काढून दाखवतो की पुढच्या वर्षी कोणाची हिंमत नाही झाली पाहिजे मुखवटे इथून हलवायची.

आणि त्या जोशातच घोळ केला. आदल्या दिवशी दुपारी मुखवटे मांडले, आणि कॅनव्हासले देतो तसा दोन्ही चेहऱ्यांवर पांढऱ्या अॅक्रिलिक रंगाचा हात देऊन मोकळा झालो. पृष्ठभाग कोरा पाहिजे, त्याशिवाय चित्रकाराचा ब्रश चालत नाही, हे मी कितीदा शिकवलं असेल. पंखा लावला, वाळले, आणि मग डोक्यात उजेड पडला. रमा कधी कोऱ्यावर काढतच नसे! जुनी रेघ पुसट दिसायची, त्याच रेघेवरून ती ब्रश फिरवायची. माझी आई तेच करायची. त्या रेघा आजीच्या होत्या, कदाचित तिच्याही सासूच्या. आणि मी शहाण्यानं एका दुपारात सगळ्या पांढऱ्याखाली घातल्या. कपाळाले हात लावून बसलो बापा.

मग सुरू केलं. पोस्टर कलर घेतला, म्हणजे चुकलं तर ओल्या फडक्यानं निघून जाईन. पहिले मातीससारखं काढलं, चार रेघांत चेहरा. कागदावर जे गोड दिसते ते देवीच्या तोंडावर अगदी जाहिरात दिसत होतं. पुसलं. मग म्हटलं, पिकासोनं मुखवटे पाहूनच तर सगळी उलथापालथ केली होती नं, आपल्या हाती तर खराच मुखवटा आहे. एक डोळा समोरून, एक बाजूनं. कनिष्ठा माझ्याकडे अशी पाहाले लागली की मीच घाबरलो. पुसलं. मोदिल्यानीसारखे बुबुळांवाचूनचे डोळे काढले. शांत होते, सुंदर होते, पण सवाष्णी कुंकू लावाले वाकल्या की किंचाळल्या असत्या. तेही पुसलं.

शेवटी थकलो. चहा केला, तो गार झाला. काही न ठरवता हातात ब्रश घेतला आणि काढत गेलो, सवयीनं सही करतो तसा. कनिष्ठेचे साधे डोळे जमले. ज्येष्ठेच्या डाव्या गालावर ब्रश थोडा घसरला, पण म्हटलं चालते. लांबून पाहिलं. ठीक वाटलं, त्याहून जास्त काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी आली. देवदत्त, अस्मिता आणि त्यांची कॉलेजात जाणारी, हिंदीतच बोलणारी, रमाले बड़ी मम्मी म्हणणारी पोट्टी गंधाली. शेजारच्या सत्यभामाकाकू भाज्या निवडाले आल्या. घरात आंबिलीचा वास, बांगड्यांचा आवाज, कोणी विचारते किसणी कुठं आहे, कोणी ओरडते गॅस बारीक करा. मले इतकं बरं वाटलं की मी उगाचच सगळ्यांवर खेकसत फिरत होतो. संध्याकाळी महालक्ष्म्यांना आत आणायचं होतं. स्टँडवर मुखवटे बसवायचे म्हणून मी त्यांच्यावर झाकलेलं कापड काढलं.

गंधालीच्या हातातलं फुलांचं ताट तसंच राहिलं. "मम्मी," ती म्हणाली, "ये तो बड़ी मम्मी हैं।"

अस्मितानं ज्येष्ठेकडे पाहिलं आणि तोंडाले पदर लावला. "अगं बाई! रमाताई!" आणि रडालेच लागली. सत्यभामाकाकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, उंबऱ्यातच थांबल्या. "रमाच आहे नं ही," म्हणाल्या. "अशीच पाहायची. मले म्हणायची, काकू बसा, चहा टाकते." देवदत्तचे डोळे भरून आले.

आणि मी मुखवट्याकडे पाहून राहिलो, पण मले काही रमा दिसेना. मले वाटलं, ही सगळी मिळून माझी थट्टा करून राहिली का काय? पण रडताना कोणी थट्टा करते का?

मग खरा प्रश्न आला. अस्मिता डोळे पुसून म्हणाली, "भाऊजी, मी यांना कुंकू कसं लावू? यांच्यासमोर आरती कशी म्हणू? गेलेल्या माणसाले देवीच्या जागी नाही बसवत."

मले सुचलं ते बोललो. "रशियात मालेविच म्हणून एक होता. त्यानं आपला काळा चौकोन थेट देवाच्या कोपऱ्यात टांगला होता. काही आभाळ कोसळलं नाही."

"भाऊजी, लेक्चर नको," ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं.

देवदत्तनं मले गॅलरीत नेलं. खांद्यावर हात ठेवला. "दादा, संध्याकाळ व्हाले वेळ आहे. ओलं फडकं फिरव, साधे डोळे काढ, दोन मिनिटांचं काम. आणि ऐक, महालक्ष्म्या दरवर्षी इथंच बसतील. पूजेले आम्ही येऊ, मी शब्द देतो. अस्मिताले मी समजावतो."

म्हणजे मले जे पाहिजे होतं ते सगळं तो ओंजळीत देऊन राहिला होता. दरवर्षी ही माणसं, हा गोंगाट, हा वास. फक्त एक चेहरा पुसायचा, तोही मले न दिसणारा.

मी फडकं भिजवलं, पिळलं, ज्येष्ठेसमोर बसलो. अमेरिकेत राउशेनबर्गनं दुसऱ्या चित्रकाराचं चांगलं ड्रॉइंग मागून घेतलं आणि खोडरबरानं पुसून टाकलं, तो कोरा कागदच कला म्हणून मांडला, हे मी वर्गात किती चवीनं सांगायचो. पोट्टे हसायचे, मी म्हणायचो, पुसाले पण हिंमत लागते. आता फडकं हातात होतं आणि हात काही उठत नव्हता. मागं सगळी उभी. अस्मिता हुंदके देत होती. त्यांना तिथं रमा दिसून राहिली होती. मले दिसत नाही म्हणून मीच तिले पुसू? नवऱ्यानं?

"घेऊन जा," मी म्हटलं.

"दादा, विचार कर."

"केला. स्टँड, साड्या, दागिने सगळं घेऊन जा. मुखवटे नवे आणा. हे इथं राहतील."

त्यांनी पुष्कळ समजावलं. मग घाईघाईनं सगळं बांधलं. गंधालीनं सदर बाजारातून पितळेचे मुखवटे आणले. आंबिलीचं पातेलं झाकून गाडीत ठेवलं, सत्यभामाकाकू त्यांच्याबरोबरच बसून गेल्या. निघताना अस्मिता माझ्या पाया पडली. "उद्या जेवाले यायचं बरं का, भाऊजी. पहिल्या पंगतीत."

गेलो ना. तेलीबांध्याच्या फ्लॅटमधी महालक्ष्म्या झकास दिसत होत्या, माणसांना बसाले जागा नव्हती. सगळ्यांनी माझं हवं नको पाहिलं. पुरणपोळी वाढली, पाहुण्यासारखी आग्रहानं. जेवलो आणि ऑटोनं घरी आलो.

तेव्हापासून ज्येष्ठा टेबलावर आहे. सकाळी उजेडात पाहतो, दुपारी पाहतो, चष्मा लावून पाहतो, काढून पाहतो. मले नाक दिसते, भुवया दिसतात, गालावर ब्रश घसरला तो डाग दिसते. रमा नाही दिसत. एक दिवस राहवलं नाही, अस्मिताले फोन लावला.

"अस्मिता, एक विचारू? तुले ती कुठं दिसली गं? डोळ्यांत का ओठांत? नक्की जागा सांग."

तिकडं टीव्ही चालू होता, तो तिनं बंद केला. "म्हणजे? भाऊजी, तुम्हाले..."

"सांग नं. मी समोरच बसलो आहे."

मग ती अगदी हळू, लहान पोराले सांगावं तसं सांगाले लागली. "डाव्या डोळ्याचा शेवट पाहा, भाऊजी. थोडा खाली उतरतो नं, तिथं. हसू दाबायच्या नं रमाताई, तेव्हा तिथं असंच व्हायचं. आणि मग ओठाचा तोच कोपरा. दोन्ही एकदम पाहा."

मी चष्मा पुसला. मुखवटा जवळ ओढला. डाव्या डोळ्याचा शेवट पाहिला, ओठाचा कोपरा पाहिला, दोन्ही एकदम पाहिले. रंगाच्या दोन रेघा होत्या.

"दिसल्या का?" तिनं विचारलं.

"हव," मी म्हटलं. "दिसली."