खोक्यातली जेवणं

जुन्या टायरांवर नवं रबर चढवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे पैलवान म्हणायचे. ट्रकचं झिजलेलं टायर ती एकटीनं उचलून साच्यावर चढवायची, गुडघा रोवून बसवायची आणि घाम पुसत पुढच्या टायरकडे वळायची. दोन गड्यांचं काम ही बाई एकटी उरकते, असं मुकादम नव्या माणसांना कौतुकानं सांगे. हीच पैलवान घरी जिन्यावर नवऱ्याची पावलं वाजली की भिंतीला पाठ लावून उभी राहते, हे त्या मुकादमाला कुठून ठाऊक असणार?

नवरा बांधकामावर क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावरच्या त्या काचेच्या पेटीत एकटा बसलेला असायचा. खाली उतरल्यावर त्याला कुणाशी बोलायचं नसे, फक्त जेवायचं असे. आणि जेवणात खोट काढल्याशिवाय त्याचा घास पुढे सरकत नसे. भात चिकट झाला, रस्सा पातळ झाला, अंडं जास्त उकडलं. आधी शिव्या, मग ताट भिंतीवर, मग हात. पैलवान स्वयंपाक करता करताच अंदाज बांधायची, आज कुठं लागणार आहे.

एकदा भात मध्येच कच्चा राहिला. त्यानं अख्खं पातेलं फेकलं. काठ लागून तिची भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात ओघळलं. मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. तिनं टॉवेल आणून आईच्या कपाळावर दाबला आणि कुणी न सांगता जमिनीवरचा भात वेचायला बसली. धाकटा पाळण्यात किंचाळत होता.

दुसऱ्या दिवशी भुवईला टाके घेऊन पैलवान कामावरून परतत होती. घरी जाऊन चूल पेटवायची या विचारानंच तिची पावलं मंदावली. नाक्यावर तळणीचं नवीन दुकान उघडलं होतं, दारात दिवे लुकलुकत होते. ती आत शिरली आणि चार खोकी घेऊन बाहेर पडली. चिकनचे तळलेले तुकडे, बर्गर, फ्राईज. क्रेनवाल्यानं खोकं उघडलं, वास घेतला, एक तुकडा उलटापालटा करून बघितला. पैलवान भिंतीला पाठ लावून उभी होती. त्यानं तो तुकडा तोंडात टाकला, चावला, दुसरा उचलला. खोकं रिकामं झालं. तो हात पुसत टीव्हीसमोर जाऊन बसला.

काही झालं नाही! पैलवानला आधी खरंच वाटेना. मग हळूहळू गोम लक्षात आली. खोक्यातल्या जेवणाला नावं ठेवायची तर दुकानात जाऊन ठेवावी लागणार, आणि बाहेरच्या माणसासमोर क्रेनवाल्याचा आवाज बसायचा. बायकोनं शिजवलंच नाही, तर बायकोला मारणार कशावरून?

तेव्हापासून त्या घरात खोकी येऊ लागली. एक दिवस पिझ्झा, एक दिवस बर्गर, सुट्टीच्या दिवशी तळलेल्या तुकड्यांची मोठी कागदी बादली आणि कोल्ड्रिंक. मार थांबला असं नाही, पण जेवणावरून थांबला, आणि त्या घरातला बहुतेक मार जेवणावरूनच व्हायचा. जेवणाचं टेबल भिंतीशी सरकलं आणि त्यावर कपड्यांचा ढीग चढला. पातेल्यांच्या बुडाशी धूळ साचली. चुलीवर चहापलीकडे काही चढेना. चौघं चार कोपऱ्यांत जेवायची. मुलगी खिडकीखाली, धाकटा पलंगावर, क्रेनवाला टीव्हीसमोर, पैलवान स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या. मुलं मान खाली घालून, खोक्याभोवती कोपर वळवून, भराभर गिळायची. कुणी कुणाला 'तुला हवं का' असं विचारत नसे. गल्लीतल्या बायका नाकं मुरडायच्या, म्हणायच्या, हिला चूल पेटवायचा कंटाळा! पैलवान ऐकून घ्यायची. आळशी म्हणवून घेणं तिला परवडत होतं.

धाकटा फुगत गेला. आठवीत पोचेपर्यंत त्याला दोन जिने चढताना मध्ये बसावं लागे. मुलगी उलट काडीसारखी राहिली, फ्राईजची टोकं कुरतडून खोकं भावाकडे सरकवणारी. मग एका सकाळी शाळेत धाकट्याला पोट धरून उलट्या सुरू झाल्या आणि कारखान्यात पैलवानला फोन आला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तापट होत्या. "याच्या लिव्हरवर चरबी चढलीय. या वयात! रोज बाहेरचं खायला घालता?"

"हो," पैलवान म्हणाली.

"आई ना तुम्ही? चार भाज्या उकडून घालायला काय होतं तुम्हाला?"

पैलवानच्या भुवईवरचा जुना वण तेवढा हलला. शेजारी उभी असलेली मुलगी मात्र डॉक्टरीणबाईंकडे असं बघत होती की त्यांनी पुढचं वाक्य आवरतं घेतलं.

बसमध्ये मुलगी हळूच म्हणाली, "आई, नको शिजवूस."

"मग याला मरू देऊ?"

"मी करेन. मारलं तर मला मारू दे."

"गप्प बस," पैलवान म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

त्यांनी मधला मार्ग काढला. क्रेनवाला यायच्या आधी पोरांना शिजवून घालायचं, भांडी घासून ठेवायची, खिडक्या उघडायच्या, आणि त्याच्यासाठी त्याचं खोकं तयार ठेवायचं. पैलवानचे हात सगळं विसरले होते. कांदा चिरताना बोट कापलं, पहिला रस्सा करपला. धाकटा उकडलेल्या भाजीकडे बघून रडकुंडीला यायचा. "याला चवच नाही! तोंडात चिखल घेतल्यासारखं वाटतं." त्याच्या जिभेला दुसरं काही माहीतच नव्हतं. मुलगी त्याच्या समोर बसून प्रत्येक घासावर पहारा करायची. पण महिनाभरात त्याच्या उलट्या थांबल्या.

वास कुठं लपतो? शाळेला आणि कारखान्याला सुट्टी असलेल्या एका दिवशी क्रेनवाला काम सोडून भर दुपारी अचानक घरी आला. चुलीवर बटाट्याचा रस्सा रटरटत होता.

"अच्छा," तो दारातच थांबला. "माझ्या मागं पंगती उठतात होय? आणि मला कुत्र्यासारखं खोकं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय हो, याच्यासाठी…"

"टेबल ओढ. आज सगळे एकत्र जेवणार. चल पैलवान, वाढ."

कपड्यांचा ढीग पलंगावर गेला. वर्षानुवर्षं एकत्र न जेवलेली चार माणसं टेबलाभोवती बसली. खुर्च्या कशा आणि किती ओढायच्या हेसुद्धा मुलांना समजेना. क्रेनवाल्यानं रश्श्यात पाव बुडवला, खाल्ला. पुन्हा बुडवला. पैलवानला वाटलं, निभावलं आज.

तेवढ्यात धाकट्यानं ताट पुढे सारलं. "मला नको. आज सुट्टी आहे, आज तरी बर्गर."

क्रेनवाला हसला. हसता हसताच त्याचा हात पोराच्या मानेवर गेला. "आईनं केलंय ना? आईनं एवढं लपूनछपून केलंय. मग खा!" आणि त्यानं पोराचं तोंड वाफाळत्या ताटात दाबलं.

पोर किंचाळलं, पण किंकाळी रश्श्यातच बुडाली. नुसते बुडबुडे आले. पाय टेबलाखाली लाथा झाडू लागले. क्रेनवाल्यानं दुसरा हातही मानेवर ठेवला.

आजवर तो पोरांना चापट्या मारायचा, पट्टा दाखवायचा. खरा मार पैलवानच्या वाट्याचा, असा त्या घरात जणू करारच होता. तो तिच्या डोळ्यांदेखत मोडला. तिनं चुलीवरचा लोखंडी तवा उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्या दंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

पोर सुटलं आणि खोकत जमिनीवर कोसळलं. क्रेनवाला ओरडत उठला, धड असलेल्या हातानं त्यानं पैलवानचे केस पकडले आणि तिचं डोकं चुलीच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. तिच्या डोळ्यांपुढे काळोख आला, दात ओठात रुतला. तिसऱ्यांदा डोकं मागं ओढलं गेलं, तेवढ्यात मुलीनं रश्श्याचं पातेलं उचलून बापाच्या पाठीवर रिकामं केलं.

तो गुरासारखा ओरडला. केस सुटले. पैलवान वळली, त्याला कमरेत धरून तिनं खाली पाडलं आणि छातीवर गुडघा रोवला, जसा ती रोज साच्यावर रोवायची. तो तडफडत होता, थुंकत होता, मोकळ्या हातानं तिचा गळा शोधत होता. एवढी वर्षं ज्याच्या पावलांनी आपली पाचावर धारण बसायची, तो ट्रकच्या टायरपेक्षा हलका आहे, हे तिला तेव्हा कळलं.

"हात खाली घे," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती त्याला अरे-तुरे करत होती. "खाली घे म्हणते ना! नाहीतर हाही मोडीन."

त्यानं हात खाली घेतला.

मुलीनं दार सताड उघडलं. सगळा जिना माणसांनी भरला. पोलीस आले, रुग्णवाहिका आली. क्रेनवाला स्ट्रेचरवरून सांगत होता, "पाय घसरला, अंगावर रस्सा सांडला." पोलिसानं पैलवानकडे पाहिलं.

"खोटं बोलतोय," ती फुटक्या ओठानं म्हणाली. "हात मी मोडला. का मोडला तेही लिहून घ्या."

मुलीकडे बोट करून पोलिसानं विचारलं, "आणि पाठ कुणी भाजली?" "मी," मुलगी म्हणाली, आईनं तोंड उघडायच्या आत. चौकशी लांबली, पण धाकट्याचा भाजलेला चेहरा आणि पैलवानचं फुटलेलं डोकं सगळ्यांना दिसत होतं, मायलेकी सुटल्या. क्रेनवाला बरा होऊन आपल्या भावाकडे राहायला गेला. त्यानं या घराच्या जिन्यावर पाऊल ठेवायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम झाला.

आता सगळं सुरळीत होईल असं पैलवानला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिघं टेबलावर बसायची, पण मुलं अजून कोपर वळवून भराभर गिळायची. चमचा पडला तरी तिघंही दचकायची. धाकट्याच्या गालावर गुलाबी डाग राहिला होता, आणि वाफ दिसली की तो ताट लांब सारायचा.

एका संध्याकाळी पैलवान कामावरून आली तर आतून धडपड ऐकू आली. तिला कारखान्यात उशिरापर्यंत काम असलं की मुलगीच रांधायची. पैलवाननं दार ढकललं. मुलीनं भावाची मान धरली होती, पाची बोटं रुतवून, आणि त्याचं डोकं ताटाकडे दाबत होती. "इतकं राबायचं आणि तू तोंडं वाकडी करणार? खा! खातोस की नाही?" जमिनीवर कलथा पडला होता. पोराच्या कानशिलावर त्याचा वळ उठला होता. तो ओरडतही नव्हता, डोळे घट्ट मिटून बसला होता.

पैलवान धावली नाही की ओरडली नाही. जवळ जाऊन तिनं मुलीची बोटं एकेक करून सोडवली.

"त्याच्याच भल्यासाठी…" मुलगी म्हणाली आणि स्वतःच्या हाताकडे बघून थांबली.

धाकटा उठला, दार आपटून निघून गेला. जिन्यावर त्याची धापा टाकणारी पावलं ऐकू आली. मुलगी त्याच्यामागे धावणार, तोच पैलवाननं तिला खुर्चीवर बसवलं.

"जाऊ दे. या घरात कुणाला ताट टाकून उठायचं असेल तर उठू द्यायचं."

"आई, माझ्यात बापाचं आलंय का गं?"

खोटं सांगावंसं वाटलं होतं. पण पैलवान म्हणाली, "आलंय. माझंही आलंय. मीही हाड मोडलंय ना."

"मग?"

"मग काय! तू थांबलीस. तो कधी थांबला नाही." ती मुलीचा हात चोळत राहिली, टायर उचलून राठ झालेल्या तळव्यांत धरून. मुलगी रडली, आधी हळू, मग हंबरडा फोडून. ताटं निवत गेली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. धाकटा घामानं भिजला होता. हातात नाक्यावरच्या दुकानातली फ्राईजची कागदी पिशवी होती. तो उंबऱ्यातच अडखळला, आधी बहिणीच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे.

"परत नाही मारणार," ती म्हणाली. "आईची शपथ."

"माझी शपथ कशाला घालतेस गं? स्वतःची घाल," पैलवान म्हणाली, आणि धाकट्याला नाकातून हसू फुटलं. तो आत आला. पिशवी टेबलाच्या मधोमध फाडून त्यानं सपाट पसरली. बहिणीच्या समोरची खुर्ची सोडून तो आईच्या बाजूला बसला. पैलवाननं रस्सा पुन्हा गरम केला, मात्र वाफ निघेपर्यंत नाही. बहिणीनं एक फ्राय उचलून त्यात बुडवली आणि चावत राहिली. त्यानं जरा वेळ बघितलं, मग आपलं ताट पुढे केलं.

"मला थोडाच," तो म्हणाला.