चिटणिसाने बोलायचं नसतं

बेकगिलच्या सभाघराला ना मनोरा, ना घंटा, ना रंगीत काच. रस्त्यावरून जाणाऱ्याला मेंढवाडा वाटावा, आणि बांधणाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं. १६७६ साली इंग्लंडात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं असणं हाच गुन्हा होता. गावातले निम्मे पुरुष तुरुंगात असताना मागे राहिलेल्या बायकांनी ओढ्यातले दगड वाहून या भिंती चढवल्या. देव ज्याच्या त्याच्याशी थेट बोलतो, मग पाद्री कशाला आणि वेदी तरी कशाला, असा त्यांचा रोखठोक सवाल. म्हणून आत नुसती बाकं आणि मधोमध ओकच्या फळ्यांची भिंत. दोर ओढला की फळ्या वर सरकायच्या आणि बायकांची सभा पुरुषांच्या सभेला मिळायची.

विनिफ्रेड एअरीला यातली फळी न् फळी ठाऊक होती. चौसष्ट वर्षांपूर्वी ती याच गावात जन्मली, इथेच मुलांना शिकवून निवृत्त झाली. तिची आई मागच्या आवारात पुरली होती. तिथले सगळे दगड एकाच उंचीचे, मेल्यावरही कुणी कुणाहून मोठा नको म्हणून. आता सभेला उरली होती अवघी पाच डोकी. त्यात छपराची मोठी तुळई दोन्ही टोकांनी कुजली. लीड्सच्या कुणा गृहस्थाला सुट्टीत राहायला हे घर हवं होतं. विकायचं की ठेवायचं, ते या रविवारी ठरणार होतं. नुसत्या विचाराने विनिफ्रेडला जेवण जाईना.

पण ती होती सभेची चिटणीस, आणि इथेच सगळं अडत होतं. क्वेकर लोक मतं मोजत नाहीत. विषय मांडायचा, गप्प बसायचं, आतून कुणाला शब्द आला तर त्याने उठून बोलायचं. चिटणिसाने स्वतःचं मत आत येऊ न देता सभेचा कल ओळखायचा आणि तिथल्या तिथे ठराव लिहून वाचायचा.

म्हणून गुरुवारी ती सेप्टिमस हार्करकडे गेली. सेप्टिमस अठ्ठ्याऐंशीचा, जुना सुतार. लहानथोर सगळ्यांनी एकमेकांना 'तू' म्हणायचं, ही त्यांची जुनी रीत.

"रविवारी तू बोलशील ना, सेप्टिमस?"

"न बोलायला काय झालं? त्या फळ्यांचे दोर माझ्या बापाने ओवलेत. घर विकतायत म्हणे! आणि मी काय मूग गिळून बसू?"

"मला बोलता यायचं नाही रे."

"मग गप्प बैस. आयुष्यात एकदा तरी जमव!"

ती हसली, आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

रविवारी सभासद एडगर प्राउडने छपराबद्दलचा गवंड्याचा अहवाल वाचला. मग सगळे गप्प झाले. विनिफ्रेड टेबलाशी लेखणी धरून सेप्टिमसकडे पाहत राहिली. त्याचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आता उठेल, मग उठेल. उठली ती क्लारा डेंट.

"सभा माणसांची असते, दगडांची नाही," क्लारा म्हणाली. "आपण माझ्या स्वयंपाकघरात बसलो तरी देवाला पत्ता सापडेल." आणि ती बसली.

दहा मिनिटं कुणी ब्र काढला नाही. सेप्टिमसने एकदा बाकाची कड धरली आणि सोडून दिली.

लेखणी दुसऱ्याकडे देऊन साधी सभासद म्हणून उभं राहायची मुभा चिटणिसालाही असते. विनिफ्रेडला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण मग चौघांना कळलं असतं की अकरा वर्षं निःपक्षपाती म्हणवणारी बाई आधीच मनात गाठ मारून आली आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. ती टेबलाशीच बसून राहिली आणि लिहू लागली. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, याचा तिला स्वतःचाच राग आला.

"सभेला असं उमगलं आहे की हे घर आता सोडावं," तिने वाचलं. "हे बरोबर उतरलंय का?"

कुणीतरी नाही म्हणा, असं ती मनातल्या मनात विनवत होती.

"पटतं," एडगर म्हणाला. "पटतं," क्लारा म्हणाली, मग तिची बहीण. शेवटी सेप्टिमसचा आवाज आला. "पटतं."

सगळे बाहेर पडल्यावर तिने त्याला ओसरीवर गाठलं.

"काय केलंस हे? उठला का नाहीस?"

"शब्द आलाच नाही गं. भाषण होतं, घोकून घोकून पाठ केलेलं. पण ते माझं होतं. सभेत उभं राहून ते वरून आलंय असं कसं भासवू?"

"मग पटतं कशाला म्हणालास?"

"तू वाचलंस ते इतक्या स्वच्छ आवाजात! मला वाटलं, हिलाच काही उमगलं असणार. नाहीतर लेखणी माझ्याकडे नसती का दिलीस? मी तर तेवढ्याचीच वाट पाहत होतो."

म्हातारा काठी टेकत उतारावरून गेला. तिला रडू आलं, आणि ते दाबण्याचं आता काही कारणही नव्हतं.

ती आत आली. टेबलावर वही तशीच उघडी होती. सभेत वाचून मान्य झालेल्या ठरावातलं अक्षरही नंतर बदलता येत नाही, चिटणिसालाही नाही. शाई वाळली होती.

आई बसायची त्या बाकापाशी ती गेली आणि साध्या सभासदाने उभं राहावं तशी उभी राहिली.

"मला हे पटत नाही," ती मोठ्याने म्हणाली.

बाकं रिकामी होती.