जाड चाकांची सायकल आणि पैलतीराचा दिवा

हेल्मीने ती सायकल विकत घेतली नव्हती, दोन दिवसांसाठी मागून घेतली होती. दुकानदार वेइक्कोने स्वतःच ती व्हॅनमधून अंगणात आणून उतरवली. चाकं इतकी जाड होती की हेल्मीला हसूच फुटलं.

"ही सायकल आहे का ट्रॅक्टर?"

"चालवून तर बघा, मावशी. साधी सायकल बर्फात रुतते, ही वरून जाते. चाकात हवा मात्र कमी ठेवा, ते पसरलं पाहिजे. नाही पटली तर न्यायला मी आहेच."

"अठराशे युरो तुला पटतात, मला पटायला नकोत का?"

पटायला हवेत असं तिलाही मनातून वाटत होतं. तळ्यापलीकडे तिची थोरली बहीण सायमी एकटी राहायची. गोठलेल्या तळ्यावरून पाच किलोमीटर, रस्त्याने वळसा घेतला तर सत्तर. हेल्मीचा नवरा, उर्हो, होता तोवर बर्फावरच्या स्कूटरवरून तिला दर रविवारी पलीकडे न्यायचा. मे महिन्यात तो गेला, स्कूटर मुलाने नेली, आणि हेल्मी सहासष्ट वर्षांची होईतो गाडी चालवायला शिकली नव्हती. ऑक्टोबरात शेजाऱ्याच्या होडीतून जाऊन आली ती शेवटची. तेव्हापासून रोज सकाळी फोन आणि दुपारनंतर सायमीच्या अंगणातला दिवा. दिवा लागला की सायमी ठीक आहे, हे दोघींचं पंधरा वर्षांचं ठरलेलं.

सायकलीचं नाव काढलं की मात्र सायमी उखडायची. "या वयात सर्कस करायचीय का? पडलीस म्हणजे बसशील पाय धरून. काही नको, वसंतात होडीने ये." एवढी चिडायला काय झालं, हे हेल्मीला कळत नव्हतं. म्हणून तिने ठरवलं, न सांगता जायचं. जमलं तर सायकल घ्यायची, नाही जमलं तर ताईचंच खरं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, लख्ख उन्हात, ती निघाली. सायकल खरंच वरून जात होती. तळ्यावरच्या वाटेला दोन्ही अंगांनी डहाळ्या रोवायची तिकडची रीत आहे. ज्याने त्याने आपल्या काठापासून मध्यापर्यंत रोवायच्या, म्हणजे धुक्यातही माणूस चुकत नाही. हेल्मीने आपल्या वाट्याच्या जानेवारीतच चालत जाऊन रोवल्या होत्या. "माझ्याही झाल्या गं, शेजारच्या काउकोकडून करून घेतल्या," असं सायमीने फोनवर सांगितलं होतं.

मध्यावर हेल्मीच्या डहाळ्या संपल्या. पुढे काहीच नव्हतं, कोरं पांढरं बर्फ थेट काठापर्यंत.

ती थांबली. वाऱ्याने पडल्या असतील म्हणावं, तर एखादी तरी दिसली असती. काउकोने ताईला फसवलंन वाटतं, असं म्हणून ती चिडली आणि पुढे निघाली. तेवढ्यात मागचं चाक बसलं. चूक तिचीच. सकाळी शेगडीपाशी बसून तिने बोटाने दाबून दाबून हवा बेताची केली होती, आणि बाहेरच्या उणे पंचवीसमध्ये त्यातली निम्मी आकसून गेली होती. पंप होता, पण वाऱ्यात बोटं कोण काढणार? ताईच्या उबदार स्वयंपाकघरात भरू म्हणत तिने सायकल ढकलत नेली. एव्हाना सायकल परत करायची हे तिचं जवळजवळ ठरलं होतं.

सायमीच्या अंगणात बर्फ खिडक्यांना टेकलं होतं. दारापर्यंत पायवाट नव्हती. धुराड्यातून धूर नव्हता, उलट धुराड्यावरच बर्फाची टोपी बसली होती.

सकाळी आठ वाजताच तर बोलणं झालं होतं. हातमोजा दाताने ओढून तिने फोन लावला.

"बोल गं," सायमीचा आवाज, रोजच्यासारखा.

"ताई, काय करतेस?"

"काय करणार? चुलीवर कॉफी ठेवलीय. खिडकीत पाखरं आलीत, लाल पोटाची."

पाखरांच्या दाण्याच्या खोक्यावर हातभर बर्फ होतं.

"किती आलीत?"

"चार. नाही, पाच."

भीती गेली आणि तिच्या जागी जे आलं त्याला काय म्हणावं ते हेल्मीला सुचेना. "ताई, मी तुझ्या अंगणात उभी आहे."

फोनमध्ये गाडा ढकलल्याचा आवाज आला. कुणी परकी बाई म्हणाली, "सायमीबाई, औषध."

"घेतलीस म्हणजे सायकल," सायमी म्हणाली.

"कुठे आहेस तू?"

"शहरात. म्हाताऱ्यांच्या घरात. नोव्हेंबरात पायरीवर घसरले, खुबा मोडला."

"चार महिने? चार महिने मला पाखरं मोजून दाखवलीस?"

"उर्होला जाऊन सहाच महिने झाले होते. त्यावर आणखी माझं कुठे घालू? आणि तू येणार कशी होतीस?"

तेवढ्यात खांबावर टक् असं वाजलं आणि भर उन्हात दिवा लागला. हेल्मी दचकून मागे सरकली. अंगणात चिटपाखरू नव्हतं.

"तीन वाजले," सायमी म्हणाली. "लागला का? काउकोने घड्याळ बसवलंय त्याला."

उजेड असताना दिवा कशाला जाळतेस, म्हणून हेल्मीने गेल्याच आठवड्यात तिला बोल लावले होते. "हा दिवा बघून मी झोपत होते, ताई. रोज."

"म्हणून तर लावला."

"घरी कधी येणार?"

"नाही गं आता."

एवढंच. हेल्मी रडली नाही, तिला रागच फार आला होता. सायमी नाक ओढून म्हणाली, "ती सायकल परत दे. आता तिचा काय उपयोग?"

"शहराची बस फाट्यावरून सुटते. फाटा माझ्या घरापासून नऊ किलोमीटर, आणि मधल्या रस्त्यावरच्या बर्फात साधी सायकल रुतते."

"वेडी आहेस."

"शुक्रवारी येते. कॉफी ठेव. खरोखरची."

तिने फोन ठेवला, बर्फ उकरत भिंतीपर्यंत गेली आणि दिव्याची पिन काढली. मग सायकल आडवी केली, पंप सोडला आणि उघड्या बोटांनी, तिथल्या थंडीतच, चाकात हवा भरायला बसली.