मीटबॉलच्या वाफेचा आळ

मित्रांनो, मी जुना एसी आहे आणि आज माझ्याकडून गोड बोलणं होणार नाही. मिनेसोटातल्या एका छोट्या दवाखान्यात, पूर्वी झाडू ठेवायचे त्या खोलीत, चार सर्व्हर आहेत. गावातल्या सगळ्या रुग्णांची माहिती त्यांच्यात असते. त्यांना गार आणि कोरडं ठेवायचं काम मी चौदा वर्षं केलं. हवेतला ओलावा ओढून मी खालच्या बादलीत सोडायचो. देखभाल करणारा आर्विड ती रोज ओतायचा, माझी जाळी धुवायचा. या इमारतीत आपलं एक तरी माणूस आहे, असं मला वाटायचं.

बाकीच्यांना मी डोळ्यासमोर नको असे. कार्यालय सांभाळणारी मार्लिस तर दारातूनच ओरडायची, "बाहेर बर्फ पडतोय आणि आत या मेल्याची थेरं!"

नोव्हेंबरात इथे सगळे घरून एकेक पदार्थ आणून एकत्र जेवतात. स्वयंपाकघरात दोन पातेली लावली की फ्यूज उडतो. माझ्या खोलीत मात्र प्लग भरपूर! मग काय, विजेची सहा पातेली सर्व्हरच्या पायथ्याशी मांडली. मीटबॉल, सूप, बीन्स. वर दार लावून घेतलं, का तर वास रुग्णांपर्यंत जाऊ नये. अकलेचे कांदे सगळे!

मी जीव तोडून वाफ ओढली. बादली भरून वाहू लागली. आर्विड पलीकडे टेबलं मांडत होता. अकरा वाजता सर्व्हर तापून बंद पडले. भिंतीपलीकडे डॉक्टर एका आजींना विचारत होते, "कुठलं औषध तुम्हाला सोसत नाही?" आजींना काही केल्या आठवेना.

मार्लिस धावत आली, तिच्यामागे आर्विडही. जमिनीवरचं पाणी पाहून ती माझ्यावरच उखडली.

"या डबड्यानंच घात केला! आर्विड, गळतोय ना हा?"

आर्विडने पातेल्यांकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. तो बोलेल म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्याने वाकून एका पातेल्याचा प्लग काढला. त्यात त्याच्या बायकोचे मीटबॉल होते.

"हो गं," तो म्हणाला. "म्हातारा झालाय. संध्याकाळी काढून टाकतो."

आता मी मागच्या भंगारात पडलो आहे. मित्रांनो, माझ्या जागी नवा आला आहे. त्याची जाळी धुवा, बादली ओता. आणि त्याच्यावर खोटा आळ आला, तर गप्प बसू नका. त्याला तोंड नाही. तुम्हाला आहे.