बिनतोंडाचा जंत

औषधाच्या दुकानावरच्या जिन्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खाली दुकानदार माशा मारत बसला होता आणि वर मावशीच्या खोलीपुढे पोट धरलेल्या माणसांची रांग लागली होती. मावशी पोटातला जंत ओढून काढायची. चिरा नाही, टाका नाही, गोळी नाही! माणसाला बाकावर झोपवायचं, पोटावर ओल्या फडक्याची घडी ठेवायची, वर काचेचा पेला उपडा दाबायचा आणि डोळे मिटून पुटपुटायचं. फडकं उचललं की त्यात हातभर लांब, पांढराफटक, फितीसारखा जंत. तो कोमट पाण्याच्या घमेल्यात सोडला की वळवळायचा आणि लोक आ वासून बघत राहायचे.

आज बाकावर जंतवाल्या सरांची ताई होती.

हे नाव सरांना कॉलेजातल्या पोरांनी दिलेलं. माशांच्या पोटातले चपटे जंत काढायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळायचे आणि कोण कुठल्या कुळातला ते ठरवायचं, यातच त्यांचे केस पिकले होते. ताईच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी थांबू नका म्हणून बजावलं होतं, तरी बाईसाहेबांनी ऑपरेशनची तारीख परस्पर रद्द करून मावशीचा जिना गाठला होता. सर तिला घरी न्यायला आले आणि दारातच थबकले.

"हे बघा याचं तोंड!" मावशीनं चिमट्यात जंताचं टोक धरलं. "ही माउली एक घास खायची, हा दोन खायचा. आता मर मेल्या उपाशी!"

सरांना हसू आवरेना. तो जंत त्यांनी लांबूनच ओळखला होता. ताई मात्र उठून बसली, पोटावरून हात फिरवला आणि किती दिवसांनी मोकळं हसली. "हलकं वाटतंय रे," ती म्हणाली.

खरं तर घरी नेऊन, दार लावून, सरांना तिला सगळं सांगता आलं असतं. पण त्यांना जिंकायचं होतं, तेही चारचौघांत. "उद्या परत येऊ, मावशीचे आभार मानायला," असं ते ताईला म्हणाले. चक्क खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मासळीबाजार गाठला. "पोट फुगलेला मासा आहे का?"

"तुम्हालाही तेच?" मासेवाली म्हणाली. "गिऱ्हाईक ते घेत नाही म्हणून मी बाजूला काढते. दुकानावरची ती मावशी रोज घेऊन जाते. हा एक राहिलाय."

ताईला घेऊन सर जिना चढले. रांग कालच्यापेक्षा मोठी होती. मावशी नवी घडी बाकावरच्या माणसाच्या पोटावर ठेवणार, तोच सर म्हणाले, "आधी ती उलगडा."

"मंत्रलेलं फडकं आहे, हात लावू नका!"

रांगेतल्या एका ड्रायव्हरनं ते हिसकावून झटकलं. पोटाला लागायच्या आधीच जंत जमिनीवर पडला. सरांनी पिशवीतला मासा काढला, टेबलावर त्याचं पोट चिरलं आणि आतून तसाच पांढरा जंत ओढून घमेल्यात सोडला.

मग सरांना जोर चढला. "हा पट्टकृमी. पट्टकृमींना तोंड नसतंच, आतडंही नसतं. अन्न अंगातूनच शोषून घेतात. याच्या डोक्यावर बघा, चिकटून राहायला चूषक नाहीत, आकडे नाहीत, फक्त दोन उथळ फटी. माणसातल्या पट्टकृमीचं अंग आगगाडीच्या डब्यांसारखं, एकामागं एक खंडांचं. याच्या अंगावर तसे डबे दिसतात का? हा माशाच्या पोटात वाढतो आणि तो मासा गिळणाऱ्या पक्ष्याच्या आतड्यात वयात येतो. पक्ष्याचं अंग गरम, म्हणून कोमट पाण्यात हा वळवळतो. यात मंत्र कसला? माणसाच्या पोटात याचं घरच नाही!"

"म्हणजे काल या बाईंच्या पोटात मासा होता?" कुणीतरी ओरडलं. "ताई, पोहता येतं का?"

सगळी खोली खो खो हसली. सरही हसले, अगदी पोट धरून. हसता हसता त्यांनी मागं वळून पाहिलं, तर ताई पदर तोंडाशी धरून, भिंतीला लागून जिना उतरत होती. एवढ्या गडबडीत मावशी मागच्या दारानं पसार झाली. लोक सरांची पाठ थोपटत होते आणि सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

ताई घरी खुर्चीवर बसली होती, पायांत चपला तशाच.

"तुला कालच कळलं होतं ना?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस? मला कशाला तिथं नेऊन बसवलंस?"

सर तिच्या चपला काढायला वाकले, तिनं पाय मागं घेतले.

"त्या बाईनं पोटावर हात ठेवून विचारलं, कुठं दुखतं माउली? खोटी का होईना, मला समजेल असं बोलली. तू रिपोर्ट वाचलास, चष्मा पुसलास आणि तारीख सांगून मोकळा झालास. माझ्या पोटात काय आहे हे मलाच ठाऊक नाही. त्या जंताबद्दल मात्र पोपटासारखा बोलत होतास."

"चुकलं माझं, ताई. मला लाज वाटते," सर म्हणाले. ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. गाठ कुठं आहे, कशानं वाढते, डॉक्टर कुठून कापतील, सगळं साध्या शब्दांत सांगितलं. ती विचारत गेली, ते सांगत गेले. जे त्यांना ठाऊक नव्हतं, तिथं ठाऊक नाही म्हणाले.

"आणि नाही कापली तर?"

सरांनी तेही सांगितलं. ताईनं पायांतल्या चपला काढून ठेवल्या.

"घे तारीख," ती म्हणाली. "पण डॉक्टरांना मी विचारीन. तू मध्ये बोलायचं नाहीस."

तर मंडळी, चमत्कार दिसला की घडी उलगडून बघा. कशावरून, हे विचारायला भिऊ नका. पण फसलेल्या माणसाला हसू नका. तो वेडा नसतो, घाबरलेला असतो. आणि ज्यांना खरं ठाऊक आहे, त्यांनी ते वेळेवर, जवळ बसून, समजेल अशा भाषेत सांगावं. आपण सांगत नाही, म्हणून माणसं जिने चढतात.