सागवानी पेटी

गिरगावच्या कोठाऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी चालत आलेली. बाप कचेरीत, आजा कचेरीत. गंगाधरनं ही परंपरा मोडली आणि लालबागच्या एका गिरणीत विजेचे दिवे सांभाळायची नोकरी धरली. पद्मजानं, म्हणजे बायकोनं, भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी हा पठ्ठ्या डायनॅमोबद्दल बोलायचा. गिरणीत त्याला बत्तीमास्तर म्हणत आणि त्याला ते आवडे.

शेठनी वीज घेतली ती शेजारच्या गिरणीत आली म्हणून. मनातून धास्तीच होती. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "विजेनं एका माणसाला जरी इजा झाली, तर कोठारे, तुम्ही घरी."

बायका जिथं सुताच्या लडी गुंडाळत त्या रीलखात्यात कापसाचा धुरळा सतत उडत असे. दिव्यांचा खटका दाबला की बारीक ठिणगी पडते, म्हणून खटके पेटीत बंद करणं भाग होतं. लोखंडी पेटी आगीला चांगली, पण खाऱ्या हवेत गंजणार, आणि आतली तार तिला टेकली तर पेटीला हात लावणाराच पोळणार. गंगाधरनं बराच खल करून सागवान ठरवलं, आणि ठिणगीनं लाकूड पेटू नये म्हणून आतून पाटीचा दगड. कुलूप नको म्हणाला. वेळप्रसंगी झटकन उघडता आली पाहिजे.

पेटी केली गिरगावच्या रामचंद्र सुतारानं. त्याचा जन्म देव्हारे आणि पाळणे करण्यात गेलेला. त्यानं हाताला सवय होती तशीच पेटी केली. वर महिरप, महिरपीत कमळ, दोन नाजूक दारं. गंगाधर बघतच राहिला. इतकी सुबक वस्तू परत करायला मन होईना.

भिंतीवर पेटी चढली आणि आठवड्याभरात तिच्यासमोर फुलं दिसू लागली. दार उघडावं, आत हात घालावा, की डोक्यावर उजेड पडतो. देवी नाही तर काय? याआधी खटक्यांवर बायकांची लुगडी आणि डब्यांची फडकी टांगलेली असत. आता कुणी जवळ पिशवीसुद्धा ठेवीना. गंगाधर मनात हसला. सांगून जे झालं नसतं ते देवीनं केलं, असू दे.

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा झाली. रीलखात्यातली शेवंती पेटीपुढे गेली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि तिच्या एकटीच्या कमाईवर चूल पेटत होती. देवीकडे मागायला तिच्यापाशी पुष्कळ होतं. तिनं दार उघडलं आणि पाण्यातून काढलेला झेंडू आत, थेट तारा जोडलेल्या दोन उघड्या पितळी स्क्रूंवर ठेवला. ती किंकाळी फोडून मागं फेकली गेली. बोटं पोळून काळी पडली.

दसऱ्यानंतर ती कामावर आली तेव्हा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कुशाबा दारात आडवा उभा राहिला.

"तू विटाळशी असताना हात लावलास. देवीनं दावलं. तुला आत घेतलं तर बाकीच्या बाया काम सोडत्याल."

"न्हवते मी तशी," शेवंती म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

शेठच्या कानावरही हेच गेलं, आणि त्यांना ते पटलं. बाईचा दोष, विजेचा नाही. म्हणजे गंगाधरनं नुसतं गप्प बसायचं होतं. नोकरी शाबूत, दिवे शाबूत. त्यानं कुशाबाला समजावून पाहिलं. कुशाबा म्हणाला, "मास्तर, तुमास्नी त्यातलं कळायचं न्हाई." शेवंती जिन्यात बसून होती. हात फडक्यात गुंडाळलेला. तिच्याकडे बघून गंगाधरला स्वतःची शरम वाटली. पेटी कुणी निवडली होती?

तो हौदावर गेला. सगळ्यांदेखत डोक्यावरून पाणी घेतलं, कोरं धोतर नेसला आणि ओल्या अंगानंच रीलखात्यात आला. बायका रीलं थांबवून बघू लागल्या.

"कुशाबा, मी आत्ता आंघोळ केली. काही शिवलोय?"

"न्हाई."

"पुरुष आहे. विटाळशी असेन?"

गंगाधरनं पेटी उघडली आणि ओली बोटं दोन्ही स्क्रूंना टेकवली. पुढच्या क्षणी तो जमिनीवर होता. डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं पुसलंही नाही.

"आता मला सांगा, माझ्यावर कुठली देवी कोपली?"

मग कुशाबा दारातून बाजूला झाला. शेवंती उठली आणि आपल्या रीलाकडे गेली.

शेठचा निरोप दुपारी आला, "कोठारे, तुम्ही घरी." गंगाधरनं तक्रार केली नाही. चूक पेटीची होती आणि पेटी त्याची होती. जाण्याआधी नव्या पेटीचं चित्र त्यानं डायनॅमो चालवणाऱ्या माणसाच्या हाती दिलं. लोखंडाची, तिजोरीसारखी कुरूप. आतून पाटी, झाकण स्क्रूनं कायमचं बंद, खटक्याचा दांडा तेवढा बाहेर. महिरप नाही, कमळ नाही. मग डायनॅमोवरून एकदा हात फिरवला आणि तो निघाला. उद्यापासून बापाची कचेरी, हे त्याला ठाऊक होतं.

फाटकाशी शेवंती पाणी प्यायला आली होती. तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं.

"लई दुखतंय का, मास्तर?"

"दुखतंय," तो म्हणाला.

"मलाबी," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं तांब्या त्याच्यापुढे धरला.